अर्धा सूत म्हणजे अर्धा किलो

भारतात जायच्या बॅगा मोजायला आणलेला हुकाचा काटा आमच्याकडे वर्षातून दोनदाच बाहेर निघतो. 23 किलोच्या वर गेलं की परतीच्या वेळी चिवडा काढायचा का पुस्तकं काढायची ह्यावरून घरात एक भांडण होतं आणि मग तो परत ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. तर त्याच काट्याला दोरी बांधून मी माझी ठासणीची रायफल टांगली आणि आकडा आला 4.8. बायको म्हणाली, काटा बिघडलाय. काटा बिघडला नव्हता. दोन दिवस पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात गुडघाभर बर्फातून ते धूड खांद्यावर घेऊन फिरून आलो होतो, त्यामुळे 4.8 काय, 8.4 म्हणाला असता काटा तरी मी विश्वास ठेवला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी राहतो लँकेस्टरच्या जवळ, आणि ह्या राज्यात नाताळ झाला की हरणांच्या शिकारीचा एक वेगळा सीझन असतो जो फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी आहे, 1974 पासून चालू आहे. म्हणजे आपल्या कोकणात शेतराखणीला लायसनवर ठासणीची बंदूक असते ना, त्याच खानदानातली, पुढून दारू ओतायची, गोळी ठासायची, आणि घोड्यात गारगोटी अडकवलेली. हरीण मी आजवर एकही मारलेलं नाही (आईला हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला). मला त्या बंदुकांचं वेड आहे, आणि वेड लागायला ह्याच्याहून चांगली जागा जगात नाही, कारण अमेरिकेची ती प्रसिद्ध लांब नळीची रायफल जन्मली इथंच, लँकेस्टर आणि आसपासच्या जर्मन लोहारांच्या भट्ट्यांवर, 1700 च्या शतकात. नाव मात्र केंटकी रायफल पडलं. मेहनत एकाची नाव दुसऱ्याचं, हे सगळीकडेच.

तर माझी ती पहिली रायफल. इथे अजून हातानं बंदुका बनवणारे लोक आहेत, ऑर्डर दिली की वर्ष-दीड वर्षानं देतात. मी ज्यांच्याकडे गेलो ते म्हातारबा फार कमी बोलणारे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, नळी कुठली आणि लाकूड कुठलं. मी आपला इंजिनियर, सगळं वाचून गेलेलो. मला हवी होती हॉकेन धाटणीची. जेकब आणि सॅम्युएल हॉकेन हे सेंट लुईसचे दोघे भाऊ, पश्चिमेकडे रॉकी पर्वतात बीव्हर पकडायला जाणाऱ्या लोकांसाठी आखूड, जाड नळीच्या, मोठ्या भोकाच्या रायफली बनवायचे, त्यातला जेकब 1849 च्या कॉलऱ्यात गेला. खऱ्या हॉकेन बहुतेक टोपीच्या, म्हणजे घोडा स्फोटक टोपीवर आपटतो, चकमक नाही, पण मला सीझनसाठी चकमकीची पाहिजे होती म्हणून तेवढा बदल. मी म्हणलं नळी अष्टकोनी, 36 इंच, बाहेरून पूर्ण 1 इंच, भोक पॉइंट पन्नास, म्हणजे अर्धा इंच, आणि नळी जाड आहे तर वजन कुठंतरी वाचवलं पाहिजे म्हणून दस्ता अक्रोडाचा, मेपल नको, मेपल जड असतं. म्हातारबांनी माझ्याकडे बघितलं, बरं म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. आता कळतंय की त्या "बरं" मध्ये किती काय काय होतं.

काट्यावरचा आकडा बघून मी कुपवाडला काकांना फोन लावला. काकांचं एमायडीसीत छोटं लेथचं वर्कशॉप आहे, चाळीस वर्षं लोखंड कापतायत, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. मी सगळं मापासकट सांगितलं आणि म्हणलं एवढी जड कशी झाली, लाकूड तर हलकं घेतलंय. काका म्हणाले, "लाकडाचं काय घेऊन बसलास, नळी किती सूत आहे ते सांग." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आता इकडच्या मराठी पोरांना सांगावं लागेल. म्हणलं आठ सूत. "मग साडेसात घ्यायची की लेका. अर्धा सूत म्हणजे काय कमी वाटलं का तुला?" खरं सांगायचं तर कमीच वाटलं होतं. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटर, नखाएवढं.

फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो, आणि हा हिशोब मी ऑर्डर द्यायच्या आधी का नाही केला ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. स्टीलची घनता 7.85, अष्टकोनाचं क्षेत्रफळ काढायचं, त्यातून भोक वजा करायचं, लांबीनं गुणायचं, आठवीतलं गणित. 36 इंच लांब, पॉइंट पन्नास भोक, बाहेरून आठ सूत, वजन येतं 2.93 किलो. तीच नळी साडेसात सूत केली तर 2.46. सात सूत केली तर 2.03. म्हणजे डोळ्याला धड दिसतसुद्धा नाही अशा अर्ध्या सुतामागे जवळजवळ अर्धा किलो, आणि एका सुतामागे 900 ग्रॅम! कारण आपण जाडी कमी करतोय असं वाटतं पण जाडीचा वर्ग होतो आणि तो कमी होणारा थर सगळा बाहेरच्या अंगाचा असतो, जिथं घेर सगळ्यात मोठा. आतल्या भोकाचं उलटं, आणि ते तर अजून मजेशीर. माझी समजूत होती मोठ्या भोकाची रायफल म्हणजे जड रायफल. बाहेरचं माप तेच ठेवलं तर भोक जितकं मोठं तितकी नळी हलकी, साधं आहे, स्टील जास्त कोरून काढलं. त्याच आठ सुती नळीत पॉइंट पंचेचाळीस भोक असेल तर 3.10 किलो, पॉइंट चोपन्न असेल तर 2.78. आमच्या क्लबात एकजण पॉइंट पंचेचाळीस "हलकी आणि गोड" म्हणून घेऊन आला होता, बाहेरून पूर्ण इंचभर नळी, बिचारा दर दोन बारांनी खाली ठेवून दंड चोळायचा.

आणि लाकूड? पूर्ण दस्त्याला मेपलचं साधारण 1.1 किलो लाकूड लागतं असं धरा. कडक मेपलची घनता 0.7 च्या आसपास, काळ्या अक्रोडाची 0.6 च्या थोडी वर, आपला सागवान ह्या दोघांच्या मधे कुठंतरी आणि शिसव मेपलहूनही जड. म्हणजे मेपल सोडून अक्रोड घेतल्यानं मला वाचले किती तर दीडशे ग्रॅमसुद्धा नाही. एका हापूस आंब्याएवढे. ज्यावर मी तीन महिने लेख वाचत होतो, लाकडाचे रेषे बघत होतो, तो सगळा खटाटोप एका आंब्याचा, आणि तिकडं नळीत अर्धा-अर्धा किलो आरामात बसलाय ज्याच्याकडे मी बघितलंच नाही. अख्ख्या बंदुकीत दस्ता दिसतो सगळ्यात जास्त म्हणून आपण त्याबद्दल बोलतो. नळी काय, नळीच.

पण खरी चूक पुढची आहे आणि ती कळायला अजून एक वर्ष गेलं. त्या अक्रोडाच्या दस्त्यानं माझी बंदूक जास्त जड वाटायला लावली. काट्यावर दीडशे ग्रॅम हलकी, हातात मात्र जड. क्रिकेट खेळलेल्यांना हे लगेच कळेल, बॅटचं वजन वेगळं आणि बॅटचा पिकअप वेगळा. सचिनची बॅट जड होती हे सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्या गल्लीत एखादी हलकी बॅटसुद्धा असायची जी उचलली की टोकाला वीट बांधल्यासारखी वाटायची. बंदुकीचं तसंच. नळी पुढं, दस्ता मागं, आणि त्यांच्यामध्ये आपला डावा हात. मी मागचं वजन कमी केलं, पुढचं होतं तसं ठेवलं, झालं, तोलाचा बिंदू सरकला पुढं, आणि आता नळीचं तोंड सतत जमिनीकडं जायला बघणार, ते वर धरून ठेवायला डावा दंड. सारख्या जाडीच्या नळीत प्रत्येक इंचाला 81 ग्रॅम, म्हणजे तोंडापाशी हातापासून सगळ्यात लांब असलेल्या इंचालासुद्धा 81 ग्रॅमच. म्हातारबांकडे परत गेलो तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले की ह्यावर उपाय आहे, दस्त्याच्या मागच्या पत्र्याखाली भोक पाडून शिसं ओतायचं. म्हणजे मी पैसे देऊन हलकं लाकूड घेतलं आणि आता त्याच्यात शिसं भरायचं. नाही भरलं. अजून नाही.

आता NCC वाल्यांना आठवत असेल, आपल्याला कवायतीला ती पॉइंट थ्री नॉट थ्री देत. बाजू शस्त्र, सलामी शस्त्र, तासन्‌तास. तिचं वजन 3.9 किलो आणि नळी फक्त 25.2 इंच. सांगलीच्या उन्हात ती मला जगातली सगळ्यात जड वस्तू वाटायची, पण आता विचार करतो तर ती हातात वाईट नव्हती, वजन सगळं मधे गोळा झालेलं, बोल्ट, मॅगझिन, सगळं दोन हातांच्या मधे. तिच्या नळीवर पुढच्या टोकापर्यंत लाकूड चढवलेलं असायचं, आणि इशापूरच्या कारखान्यात बनलेल्यांना पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू जास्तीचा असतो, लाकूड फाटू नये म्हणून, कधी हातात आली तर बघा. ह्याच घराण्यात इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी एक प्रयोग केला, नंबर 5, जिला जंगल कार्बाइन म्हणतात. नंबर 4 रायफल 4.1 किलोची, तिची नळी 25.2 वरून 18.8 इंचावर आणली, पुढचं लाकूड अर्धं उडवलं, जिथं जिथं धातू खरवडून काढता येईल तिथं खरवडला आणि उतरवली 3.2 किलोवर. कागदावर भारी. पण गोळी तीच, दारू तीच, त्यामुळे धक्का असा की मागं रबराची पट्टी लावूनसुद्धा शिपायांचे खांदे निघाले, आणि वर तक्रार की नेम एका जागी टिकत नाही, आज इथं लागतंय, उद्या तिथं. वजन फुकट जात नाही, धक्का खाणारं कोणीतरी लागतं, बंदुकीनं नाही खाल्ला तर तुम्ही खा.

अजून एक आपल्या भागाशी जोडलेला किस्सा म्हणजे ब्राऊन बेस. इंग्रजांची ती पॉइंट पंचाहत्तर भोकाची गुळगुळीत नळीची बंदूक, तिची नळी आधी 46 इंच, मग 42. ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या फौजांसाठी तिची स्वस्त आणि आटोपशीर आवृत्ती काढली, 39 इंची नळीची, वजन 4.4 किलोच्या आसपास, तिला इंडिया पॅटर्नच म्हणतात. 1797 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या फौजेनंसुद्धा तीच उचलली कारण फ्रेंचांशी लढायला बंदुका पुरत नव्हत्या. 1803 ला असईच्या रानात आपल्या लोकांसमोर जी रांग उभी होती तिच्या खांद्यावर ह्या जातीच्या बंदुका. भोक किती अवाढव्य बघा, तरी माझ्या हॉकेनपेक्षा हलकी! कारण नळी पातळ, बाहेरून गोल, आणि तोंडाकडे निमुळती.

निमुळतं, हाच सगळ्या गोष्टीतला मुद्दा आहे आणि तो इथल्या जर्मन लोहारांना अडीचशे वर्षांपूर्वी कळलेला होता. दारू पेटते मागे, दाब सगळ्यात जास्त मागे, गोळी जशी पुढं पळते तसा गॅसला जागा मिळत जाते आणि दाब उतरतो, मग तोंडापाशी मागच्याएवढं स्टील कशाला? म्हणून जुन्या चांगल्या रायफलींची नळी मागं जाड, मग उतरत उतरत कमरेत बारीक, आणि अगदी तोंडापाशी परत थोडी फुगलेली. लांबून सरळ दिसते, हात फिरवला की कळतं. आपल्याकडे लाटण्याचा उलटा आकार म्हणा. तोंडापाशी थोडं वजन ठेवायचं कारण अगदी हलकं तोंड असलं तर नेम धरताना ते डासासारखं भिरभिरतं. मग आज सगळे सारख्या जाडीची नळी का विकतात? कारण ते सोपं आहे. सरळ अष्टकोनी स्टील घ्या, भोक पाडा, आतून गोळीला फिरकी देणारे आटे कापा, झालं. आणि दस्त्यात नळीची खाच पण सरळ, राउटर फिरवला की तयार. कमरेत बारीक असलेली नळी बसवायची तर लाकडातली खाच तिच्या वळणावळणानं कोरावी लागते, त्याला छिन्नी आणि म्हातारबा लागतात, आणि म्हातारबांचे पैसे लागतात.

दुसरी रायफल मी तशी घेतली. लँकेस्टर धाटणी, नळी 42 इंच, म्हणजे पहिलीपेक्षा अख्खी वीतभर... वीत नाही, सहा इंच लांब. भोक तेच पॉइंट पन्नास. आणि मागच्या टोकाला माप घेतलं तर तीपण आठ सूतच! पण कमरेत सहा सूत, तोंडाला साडेसहा. दस्ता पूर्ण लांबीचा, आणि ह्यावेळी मुद्दाम मेपल, पट्ट्यापट्ट्यांचं, ज्याला इकडं वाघपट्टी म्हणतात तसलं. मागं पितळेचा पत्रा, बाजूला पितळेची डबी, पितळ लोखंडाहून जड हे माहीत असून. हुकाच्या काट्याला टांगली, 3.6. माझ्या NCC च्या थ्री नॉट थ्रीपेक्षा हलकी, जिची नळी हिच्या निम्म्याहून जरा मोठी! आणि उचलली की बंदूक स्वतःच खांद्याला येते, असं वाटतं. मागचं मेपल आणि पितळ तिथं तोल धरून बसलेलं असतं.

पूर्ण दस्ता जड आणि अर्धा दस्ता हलका हा पण एक गैरसमज मी बाळगून होतो. हॉकेनचा दस्ता अर्ध्यातच संपतो, पुढं नुसती नळी, मला वाटलं तेवढं लाकूड वाचलं. पण पुढं गोळी ठासायचा गज अडकवायला जागा पाहिजे, मग नळीच्या खाली स्टीलची पट्टी लावतात. लांब रायफलीचं पुढचं लाकूड असतंच किती, पापडासारखं पातळ, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा मामला, आणि ती स्टीलची पट्टी जवळपास तेवढीच भरते किंवा थोडी जास्तच. म्हणजे लाकूड काढून लोखंड लावलं आणि तेही सगळं पुढच्या बाजूला. अर्धा दस्ता घ्या, दिसतो छान, घोड्यावर आपटला तर मोडत नाही, पण हलका म्हणून घेऊ नका.

आता हॉकेन भाऊ काही मूर्ख नव्हते हेही सांगायला पाहिजे. त्यांची गिऱ्हाइकं घोड्यावर, बंदूक खोगिरावर आडवी, पाठीवर नाही. समोर अस्वल आणि गवे, दारू जास्त भरायची, जाड नळी पाहिजे, धक्का खायला वजन पाहिजे. आणि तरी जुन्या हॉकेनच्या बऱ्याच नळ्या तोंडाकडे किंचित उतरत्या होत्या, सरसकट एक जाडी हा आपल्या काळातला आळस. उलट पेनसिल्व्हेनियाचा माणूस पायी, जंगलात आठवडाभर, शिसं आणि दारू पाठीवर. जर्मनीहून आलेली रायफल आखूड आणि मोठ्या भोकाची होती, इथं येऊन नळी लांब आणि भोक बारीक होत गेलं, कारण शिसं वाचतं. 1 किलो शिशात पॉइंट पन्नासच्या 85 च्या आसपास गोळ्या होतात, पॉइंट चाळीसच्या 165. बंदुकीचं वजन मोजताना पिशवीतलं वजन धरायचं असतं हे मला माझ्या काट्यानं सांगितलं नव्हतं.

आणि ज्यांना चालायचंच नाही त्यांचा हिशोब पूर्ण उलटा. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, त्या प्रकारात रायफल 8 किलोपर्यंत चालते. तिथं वजन म्हणजे दोस्त, श्वासानं हलत नाही, नाडीनं हलत नाही. माझी 4.8 वाली पण क्लबात टेबलावर उशी ठेवून मारताना इतकी गुणी आहे की विचारू नका, 50 यार्डावर ती हलतच नाही, जणू सिमेंटात रोवलीय. उभ्यानं पहिले दोन बार पण सुंदर. तिसऱ्याला हात थरथरायला लागतो आणि मग माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, त्या निशाणावर अशी फिरते की खरीच माशी वाटावी.

काकांना दुसरीचे फोटो पाठवले, मापं पाठवली. त्यांनी फोटोकडं बघितलं पण नसावं, कारण उत्तर आलं, "कमरेत सहा सूत, भोक चार सूत, म्हणजे भिंत एक सूत राहिली. फुटणार नाही ना?" म्हणलं काका, अडीचशे वर्षं नाही फुटली. मग म्हणाले, "टेपर कसा काढला, सेंटर हलवून का टेपर टर्निंग लावून, आणि आठ बाजूंना कसा काढला ते विचारून सांग." ते काय आपल्याला जमणार नाही विचारायला, म्हातारबा एका वाक्यात उत्तर देतील आणि मला कळणार नाही.

तिसरीची ऑर्डर गेलीय, घरात अजून सांगितलेलं नाही, हा लेख वाचून कळेलच. पॉइंट चाळीस, 38 इंच, सरळ नळीच, कारण बजेट, पण साडेसहा सुती. ह्यावेळी गणित आधी केलं, नळी 2.06 येते. दस्ता, चाप, पितळ, सगळं धरून मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर 3.5 असा आकडा लिहून ठेवलाय, खाली सही. म्हातारबांना विचारलं तुमचा अंदाज काय, तर त्यांनी लाकडाचा तो कच्चा ओंडका हातावर तोलला, आणि परत म्हणाले, बरं.